कोडामागील नोंद : अमेरिकेतील एका क्रीडा-तपासणीच्या बिलाचा अभ्यास

आपल्या मंडळातील अनेक सभासदांच्या घरचे कोणी ना कोणी आज अमेरिकेत स्थायिक आहे. तिकडे कोणाचे दुखले-खुपले की सल्ल्यासाठी फोन बडोद्याला येतो, आणि अलीकडे सल्ल्याबरोबर बिलेही येऊ लागली आहेत.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने मला तीन कागद पाठवले. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाचा उजवा घोटा बास्केटबॉल खेळताना मुरगळला होता. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण तपासणी करून अस्थिभंग नसल्याची खात्री केली, घोट्याला आधारपट्टा दिला आणि पुढील व्यायामोपचारासाठी त्याच दवाखान्यातील ॲथलेटिक ट्रेनरकडे पाठवले. ट्रेनरने केलेल्या मूल्यांकनाचे बिल विमा कंपनीने नाकारले होते. "काका, हे पैसे आम्ही भरायचे का? आणि यात चुकलंय तरी कोणाचं?" हा तिचा प्रश्न. पंचवीस वर्षांहून अधिक काळ बालरोगचिकित्सा करूनही मला उत्तर देता येईना. म्हणून थोडा अभ्यास केला. त्याचे सार प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

मूल्यांकन करणारा कोण?

'ट्रेनर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यायामशाळेतील शिक्षक उभा राहतो. अमेरिकेतील ॲथलेटिक ट्रेनर हा त्याहून वेगळा आहे. तो मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण झालेला, डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारा आरोग्यव्यावसायिक असतो. दुखापतीस प्रतिबंध, मैदानावरील प्रथमोपचार, मूल्यांकन व पुनर्वसन ही त्याची कामे होत. तेथील राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला १९९० मध्ये मान्यता दिली. शाळेने नेमलेला ट्रेनर मैदानावर मुलाला तपासतो, तेव्हा त्याचे स्वतंत्र बिल सहसा होत नाही. दवाखान्यात तेच काम झाले की मात्र बिल आणि कोड आले.

आपल्या बडोद्याला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. आखाडा आणि हाडांचा उपचार एकाच छपराखाली पाहिलेले हे गाव आहे. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला मराठी 'व्यायामज्ञानकोश' याच गावातला. फरक इतकाच, की वस्ताद हाताने जे जाणत असे, ते तिकडे कागदावर उतरवावे लागते.

दोन कोड, दोन प्रश्न

प्रत्येक बिलावर दोन प्रकारचे कोड असतात. 'काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर आयसीडी-१० चा निदान-कोड देतो. अमेरिकेत त्याची विस्तारित आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. 'काय केले?' याचे उत्तर सीपीटी हा सेवा-कोड देतो. ही पद्धत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली.

निदान-कोड बराच बारकाईने लिहावा लागतो. उजव्या घोट्याची मुरगळ, अस्थिबंध अनिर्दिष्ट, यासाठी एस९३.४०१ आहे, डाव्यासाठी शेवटचा अंक २ होतो. त्यापुढील सातवे अक्षर अनेकांना चकवते. 'ए' म्हणजे पहिली भेट असे समजले जाते. वस्तुतः 'ए' हे दुखापतीवर सक्रिय उपचार चालू असल्याचे दर्शवते, 'डी' हे दुखापत भरून येण्याच्या व पुनर्वसनाच्या काळाचे, आणि 'एस' हे मागे राहिलेल्या परिणामाचे चिन्ह आहे. अस्थिरोगतज्ज्ञांचा उपचार झाल्यावर व्यायामासाठी आलेल्या या मुलाला ट्रेनरची ती पहिली भेट असली, तरी 'डी' लागू होता. बिलावर 'ए' होते. दुखापत कोणत्या खेळात झाली यासाठीही कोड आहेत. बास्केटबॉलला वाय९३.६७ हा स्वतंत्र कोड मिळाला आहे. आपले क्रिकेट 'इतर सांघिक खेळ' या वाय९३.६९ मध्ये बसवले आहे.

मूल्यांकनाचे चार कोड

१ जानेवारी २०१७ पासून ॲथलेटिक ट्रेनरच्या मूल्यांकनासाठी चार कोड आहेत. त्यापूर्वी सर्व प्रथम मूल्यांकनांसाठी एकच कोड होता.

९७१६९, अल्प गुंतागुंत : शारीरिक हालचालीवर परिणाम करणारा सहव्याधी नाही; तपासणीत एक ते दोन घटक; साधारण १५ मिनिटे.

९७१७०, मध्यम गुंतागुंत : एक किंवा दोन सहव्याधी; तीन किंवा अधिक घटक; साधारण ३० मिनिटे.

९७१७१, उच्च गुंतागुंत : तीन किंवा अधिक सहव्याधी, चार किंवा अधिक घटक, रुग्णाची स्थिती अस्थिर, साधारण ४५ मिनिटे.

९७१७२, पुनर्मूल्यांकन : रुग्णाच्या स्थितीत नोंदलेला बदल आणि सुधारित उपचारयोजना, साधारण २० मिनिटे.

'घटक' म्हणजे शरीररचनेतील दोष, हालचालीतील अडचण किंवा सहभागातील उणीव. घोट्याची सूज हा रचनेतील, एका पायावर तोल न राहणे हा हालचालीतील आणि सामन्यास मुकणे हा सहभागातील घटक झाला. यासोबत प्रमाणित प्रश्नावली किंवा मोजता येण्यासारखी चाचणी हवी. एखाद्या पातळीचा कोड लावण्यासाठी त्या पातळीच्या सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात. मिनिटे केवळ 'साधारण' दिलेली आहेत. घड्याळ पाहून पातळी ठरत नाही. व्यायामोपचाराचा ९७११० हा कोड मात्र दर १५ मिनिटांच्या एककाने मोजला जातो. हा भेद विसरल्याने पुष्कळ चुका होतात.

बिल म्हणते तीन, नोंद म्हणते शून्य

आता ते तीन कागद पाहू. बिलावर ९७१७१, उच्च गुंतागुंतीचा कोड होता. म्हणजे मुलाला किमान तीन सहव्याधी असल्याचे बिल सांगत होते. तपासणीच्या नोंदीत 'इतर आजार : नाही' असे लिहिलेले. विमा कंपनीच्या पत्रात 'नोंदीतून कोडाला आधार मिळत नाही' एवढेच कारण. कंपनीचे म्हणणे चुकीचे नव्हते.

पण मुलाच्या जन्मापासून मी त्याला ओळखतो. त्याला दमा आहे, आणि धावल्यावर थंड हवेत तो वाढतो. बिल म्हणत होते तीन, नोंद म्हणत होती शून्य, आणि सत्य होते एक! खरी गोष्ट तिन्ही कागदांपैकी एकावरही नव्हती. मला पैशांपेक्षा याचीच अधिक काळजी वाटली; कारण तिसऱ्या आठवड्यापासून बाहेरच्या मैदानावर धावण्याचा सराव त्याच उपचारयोजनेत लिहिलेला होता. श्वासातून घ्यायच्या औषधाचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी पुतणीला सांगितले, "पैशांचे नंतर पाहू. आधी दम्याचे त्यांना कळव." तिने कळवले. ट्रेनरने चूक मान्य केली, मुलाशी व आईशी पुन्हा बोलून तारीख घालून पुरवणी नोंद लिहिली. जुनी नोंद खोडली नाही, हे महत्त्वाचे. सूज, तोल आणि खेळातील सहभाग हे तीन घटक आणि एका पायावर उभे राहण्याची सेकंदांतील मोजणी मूळ नोंदीत होतीच. त्यामुळे ९७१७० आणि सातवे अक्षर 'डी' असे सुधारित बिल गेले व ते मंजूर झाले. कुटुंबाने आपला नियमानुसार येणारा हिस्सा भरला. सरावापूर्वी औषध घ्यायचे, हेही योजनेत आले.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कोड टिकावा म्हणून नोंद रंगवणे हा अपराध आहे. जे तपासले तेच लिहावे, आणि जे लिहिले त्यातूनच कोड निघावा. हा क्रम उलटता कामा नये.

परदेशातील आप्तांसाठी

वृद्धांची सरकारी विमा योजना मेडिकेअर हे चार कोड स्वीकारत नाही. खासगी कंपन्या आपापल्या करारानुसार ठरवतात. म्हणून मूल्यांकनापूर्वीच कंपनीस विचारावे. 'लाभाचे विवरण' म्हणून येणारा कागद बिल नसतो. तो पाहून घाईने पैसे भरू नयेत. कोडनिहाय बिल व तपासणीची नोंद मागून घ्यावी. नकाराविरुद्ध बहुतेक योजनांत १८० दिवसांच्या आत अपील करता येते.

आपल्यासाठी बोध

हे सर्व वाचताना मला स्वतःचीच एक जुनी चूक आठवली. एका शाळेच्या क्रीडामहोत्सवापूर्वी मी एका दुपारी संपूर्ण वर्गाची तंदुरुस्तीची प्रमाणपत्रे भरली होती. धावण्याच्या शर्यतीत एका मुलाला दम्याचा झटका आला. सुदैवाने तो लवकर सावरला. त्याच्या दम्याची फाईल माझ्याच कपाटात होती, आणि 'खेळण्यास योग्य' या शब्दांखाली सहीही माझीच होती. आयसीडीत अशा क्रीडापूर्व तपासणीला झेड०२.५ हा कोड आहे. त्या दिवशी तो कोड मी लावला असता, तर कोड बरोबर ठरला असता आणि तपासणी खोटी.

तेव्हापासून सहीपूर्वी मी पुढील प्रश्न विचारतो व उत्तरे लिहून ठेवतो. श्रमाने कधी चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले का? कुटुंबात तरुण वयात कोणाचा अकस्मात मृत्यू झाला का? दमा आहे का, औषध सोबत आहे का? पूर्वी डोक्याला मार लागला होता का? जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया आहे का? याला पाच-सात मिनिटे लागतात. आपल्याकडे त्याचे वेगळे बिल कोणी करत नाही, करावे असेही नाही.

आपल्याकडेही रोकडरहित विम्यामुळे आणि २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेमुळे कोडांचा व्यवहार रुग्णालयांत रुळला आहे. उद्या तो बाह्यरुग्ण विभागातही येईल. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. ज्याची नोंद खरी आणि पूर्ण आहे, त्याला कोड शोधायला फार वेळ लागत नाही. आणि ती नोंद विमा कंपनीसाठी लिहायची नसते. आपल्यानंतर त्या मुलाला तपासणाऱ्या हातांसाठी लिहायची असते.