रिकामा डबा देऊ नये

वाचण्याआधी: तुमच्या घरी एकमेकांना 'थँक यू' म्हणतात का? मराठीत म्हणता की इंग्रजीत?

मित्रांनो, इथे आपण दिवसभर 'थँक यू' म्हणतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतो, दुकानात म्हणतो, घरी कुणी पाण्याचा ग्लास दिला तरी म्हणतो. मी परभणीला मराठी शाळेत शिकलो. आमच्या घरी हा शब्दच नव्हता. आईने ताट वाढल्यावर मी 'धन्यवाद' म्हणालो असतो, तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता!

मग मराठी माणसं आभार मानत नाहीत का? मानतात, पण बरेचदा न बोलता. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाला कामाला लावत नाही. त्याला आंघोळ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी खायला देतो. बैलाला 'धन्यवाद' कळत नाही, पुरणपोळी कळते.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्याचा अर्थ वेम्बलीत आल्यावर कळला.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली. मी आयटीत काम करतो. आमचं प्रोजेक्ट बंद पडलं आणि सगळी टीम घरी बसली. माझा व्हिसा नोकरीवर अवलंबून होता. अशा वेळी साधारण ६० दिवसांत नवी कंपनी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. बाहेर दुपारी चारलाच अंधार पडायचा. मी दिवसभर अर्ज पाठवायचो आणि नकार वाचायचो. आईला मात्र फोनवर सांगायचो, "सगळं मजेत आहे."

आमच्या शेजारी एक गुजराती आजी राहतात. सगळे त्यांना 'बा' म्हणतात. एका संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. हातात स्टीलचा डबा, डब्यात गरम थेपले. मी "थँक यू" म्हणालो आणि दार लावून घेतलं. खरं सांगू? मला लाज वाटली. आपली अडचण शेजाऱ्यांनाही कळली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला थेपल्यांचं सहज सांगितलं. तिने लगेच विचारलं, "डबा परत दिलास का? रिकामा नाही ना दिलास?"

आपल्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत देत नाहीत. काहीच नसेल तर थोडी साखर तरी घालतात. मी ईलिंग रोडवर गेलो. पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता आणला आणि चिवडा केला. त्या महिन्यात पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणासाठी काहीतरी केलं होतं.

बांनी मला बसवून चहा दिला. त्या गुजरातीत बोलत होत्या, मी मराठीत. कुणाचंच अडलं नाही. त्या मूळच्या युगांडातल्या कंपालाच्या. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यातले सुमारे २८,००० लोक ब्रिटनला आले. घरं, दुकानं तिथेच राहिली. बा तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. इथे आल्यावर त्यांना आधी एका जुन्या लष्करी छावणीत ठेवलं. तिथे एका इंग्रज बाईने त्यांना लोकरीचा कोट दिला.

"कोट माझ्यापेक्षा मोठा होता," बा हसल्या. मग म्हणाल्या, "घर गेलं, ते अजून दुखतं. पण तो कोटही आठवतो. दोन्ही खरं आहे."

त्या रात्री मी एक वही काढली. रोज एकच ओळ लिहायची: आज कुणी माझ्यासाठी काय केलं?

"मित्राने रात्री अकरापर्यंत मुलाखतीची तयारी करून घेतली."

"बाबा घरी असतात म्हणून मुलगी खूश आहे. तिने चित्र काढलं."

एके दिवशी काहीच सुचेना, तेव्हा लिहिलं: "हीटर चालू आहे."

मग एका रविवारी आईला खरं सांगून टाकलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "जेवलास का?" त्या दिवसाची ओळ तीच.

बावन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली. ती वहीमुळे नाही, अर्ज करूनच मिळाली. भीतीही शेवटपर्यंत होती. पण त्या दिवसांत मी एकटा नव्हतो, हे मला वहीत दिसलं.

आता एक शब्द पाहा: कृतज्ञ. 'कृत' म्हणजे केलेलं आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे जो जाणतो, तो कृतज्ञ. त्यासाठी सगळं छान चाललेलं असावं लागत नाही.

बांचा डबा आता आमच्याकडे आहे. या शनिवारी त्यात शंकरपाळे जातील.

शब्दार्थ
अवलंबून असणे – एका गोष्टीशिवाय दुसरी न चालणे
हुकूमशहा – लोकांना न विचारता एकट्याने राज्य करणारा
छावणी – सैनिकांची राहण्याची जागा
कृतघ्न – केलेले उपकार विसरणारा ('कृतज्ञ'च्या उलट)

प्रश्न
१. थेपले मिळाल्यावर लेखकाला लाज का वाटली?
२. "दोन्ही खरं आहे," असं बा म्हणाल्या. दोन्ही म्हणजे काय काय?
३. आईने "जेवलास का?" असंच का विचारलं असेल?

करून पाहा: सात दिवस रोज मराठीत एक ओळ लिहा: "आज कुणी माझ्यासाठी काय केलं?" त्यातल्या एका व्यक्तीसाठी 'थँक यू' न म्हणता काहीतरी करा. काय केलंत, ते पुढच्या तासाला सांगा.