आधी उतरायला शीक

अगं, तुझं एकच पालुपद चाललंय, ‘ताई, माझी उडी वाढव.’ हेडरला पोचत नाही, पहिल्या चार पावलांत समोरची मुलगी पुढं निघून जाते, हे तुझं दुःख मला कळतं. पण मोबाइलवर बघून त्या उंच कट्ट्यावरून धडाधड उड्या मारायला लागलीस, ते आधी थांबव. बस जरा जवळ.

उड्यांचा सराव कामाचा आहे, यात शंकाच नाही. पायावर भार आला की मांडी-पोटरीचे स्नायू आणि टाचेमागचा कंडरा क्षणभर ताणले जातात. त्याच क्षणी, पाव सेकंदाच्या आत, जमीन सोडलीस तर त्या ताणाचा जोर उडीला मिळतो. रेंगाळलीस की तो जिरून जातो. स्प्रिंटची पहिली पावलं, अचानक वळणं, हेडरची उसळी, सगळं यावरच चालतं. कट्ट्यावरून खाली येऊन लगेच उसळायची ती उडी 1960च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी रुजवली, पण ती आधीच भरपूर ताकद कमावलेल्या खेळाडूंसाठी. तुझ्यासाठी ती शेवटची पायरी आहे गं.

तुझी पहिली पायरी आहे उतरणं. शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जाशील तेव्हा बॉल सोडून हेडर मारून खाली येणाऱ्याचे गुडघे बघ. आपल्या मुलींचे गुडघे उतरताना आत वळतात, पाय ताठ राहतात. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध बऱ्याचदा असाच तुटतो, कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलग्यांपेक्षा मुलींना हा धोका दोन-तीन पट जास्त. बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली होती, तरी जुलै 2022 मध्ये युरो स्पर्धा तोंडावर असताना सरावात तिचा एसीएल गेला आणि त्या स्पर्धेला तिला मुकावं लागलं. तुला भीती घालत नाहीये, पण तुझे गुडघे मला फार मोलाचे आहेत.

तर असं कर. सिमेंटवर नको, गवतावर किंवा मातीवर, बूट घालून. वॉर्मअप झाल्यावर लगेच, पाय ताजे असताना. प्रॅक्टिस संपवून दमल्यावर नाही. पहिले दोन आठवडे जागच्या जागी उडी मार आणि उतरल्यावर तीन सेकंद तशीच थांब. गुडघे वाकलेले, पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागं, छाती वर. धप्प आवाज आला की समज, भार स्नायूंनी झेलला नाही, सांध्यांवर आदळला. ते जमलं की पुढं उडी, मग बाजूला. त्यानंतर एका पायावर. लंगडी आणि दोरीउड्या यांना कमी लेखू नकोस, हाच सराव आपण लहानपणापासून करत आलोय. एका वेळी 50-60 उड्या पुष्कळ झाल्या. आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस मोकळे. उतरताना गुडघा आत जायला लागला की त्या दिवसापुरतं बंद. सहा-आठ आठवडे असं नेटानं केलंस की फरक तुझा तुलाच जाणवेल.

आणखी एक, हे फक्त आपल्या दोघींत. झपाट्यानं उंची वाढते त्या वर्षात हाडं पुढं जातात, स्नायू मागं राहतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखायला लागलं तर लपवू नकोस. टीममधून काढतील म्हणून गप्प बसणाऱ्या मुलीच पुढं महिनोन्‌महिने घरी बसतात. उड्या कमी कर, सरांना सांग, डॉक्टरांना दाखव. आणि हलकं व्हायचं म्हणून जेवण तोडू नकोस. भाकरी, उसळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू पोटभर खा. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळं होतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही, मला किंवा आईला सांगायचं. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते.

आणि नीट उतरायचं हे शहाणपण एकटीपुरतं ठेवू नकोस. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. धावणं, तोल, ताकद, उड्या सगळं त्यात बसवलंय. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर तो करून पाहिला. 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झालेल्या दिसल्या. त्याला महागडं सामान लागत नाही, एक मैदान आणि वीस मिनिटं पुरतात. उद्या सरांना सांग की आम्हा सगळ्या मुलींना हे करायचंय. सर ‘वेळ नाही’ म्हणाले तर अर्धा तास आधी मैदानावर जा आणि बाकीच्या पोरींनाही हाक मार. शेवटच्या दहा मिनिटांत गोल हवा असतो तेव्हा अकराच्या अकरा जणी धडधाकट पायांवर उभ्या असलेली टीम मला तुझ्या उंच उडीपेक्षा जास्त हवी आहे.