धारेवर कोणाला धरायचं?

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. एप्रिलची दुपार, परीक्षा नुकतीच संपलेली, मी बँकेच्या कामाला बाहेर. घरात कैरी होती, आणि तिखटमिठाचा डबा कुठे असतो हे त्याला न सांगता ठाऊक. अडचण एकच, सुरी कैरीत शिरेना. शिरणार कशी? ती मी मुद्दाम त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली. "ही तुझी, हिला धार नाही." धारेची सुरी वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. केवढी काळजी घेते मी, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेत असे.

मग त्याने काय केलं, तर मी दर दोन-चार दिवसांनी करते तेच. चहाचा कप उलटा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासायला घेतली. चिनी मातीच्या कपाला बुडाशी चकाकी नसलेलं कडं असतं, त्यावर सुरी चार वेळा घासली की वेळ भागते. पण कप त्याने डाव्या हातात धरला होता, कारण मीही तसाच धरते. कप ओला होता. सुरी घसरली आणि थेट तर्जनीच्या मधल्या पेरावर गेली.

मी साडेतीनला घरी आले तेव्हा हा पंख्याखाली बसून पुस्तक वाचत होता. सुट्टीत आणि पुस्तक! संशय तिथेच आला. डावा हात उशीखाली, हाताभोवती हातरुमाल, आणि रुमाल उलगडला तर जखमेत कॉफीची पावडर कोंबलेली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कोणी सांगितले होते तुला हे नसते उद्योग?"

हेच ऐकायला लागणार म्हणून त्याने मला फोन केला नव्हता. दीड तास तो एकटा रक्त दाबत बसला होता.

तुमच्याशी बोलायचंय ते या दीड तासाबद्दल. बोट कापणं ही स्वयंपाकघरातली रोजची गोष्ट आहे. माझ्या स्वतःच्या डाव्या हातावर चार जुने वण आहेत. पण माझं बोट कापलं की मी "आई गं" म्हणून नळाखाली हात धरते, आणि त्याचं कापलं की तो लपवतो. हा फरक सुरीने केलेला नाही.

डॉक्टरांनी कॉफी धुऊन काढण्यातच दहा मिनिटं घालवली. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट, आपल्याकडे जखमेत काय काय भरतात! त्याने घाण आत राहते आणि जखम किती खोल आहे तेही दिसत नाही. मग त्यांनी त्याला बोट वाकवायला आणि सरळ करायला लावलं. डोळे मिटायला सांगून कापसाने बोटाच्या टोकाला हळूच शिवलं आणि विचारलं, "कळतंय?" बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर आतली स्नायूची दोरी (कंडरा) किंवा नस तुटलेली असू शकते. मग जखम बाहेरून कितीही लहान दिसो, हाताचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जावं लागतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. मी आपली किती रक्त गेलं तेवढंच बघत होते.

मी धनुर्वाताच्या इंजेक्शनचा हट्ट धरला. त्यांनी फाइल मागितली. दहाव्या वर्षीची लस झालेली होती, म्हणजे मध्ये दोनच वर्षं गेली होती. "नको," म्हणाले. जखम मळलेली किंवा खोल असली तर आधीच्या लसीला पाच वर्षं झाली आहेत का ते बघायचं, स्वच्छ आणि किरकोळ असली तर दहा. मात्र लहानपणचे सगळे डोस झालेले हवेत. तीन टाके पडले, दहाव्या दिवशी निघाले.

घरी काय करायला हवं होतं, ते अगदी साधं आहे. वाहत्या नळाखाली धुवायचं, स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरायचा, हात छातीच्या वर ठेवायचा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं कपडा उचलायचा नाही. "थांबलं का" म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की साकळत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. दहा मिनिटांनी वाहत असेल, किंवा जखमेच्या कडा उघड्या दिसत असतील, तर टाके लागणार असं समजून निघायचं. हे मी आता त्याच्याकडून पाठ करून घेतलंय. त्याआधी एक पायरी घातली आहे: आईला फोन. आणि आईने फोनवर "कसं काय" विचारायचं नाही, "दाबून धर, आले" एवढंच म्हणायचं. दुसऱ्या नियमाला मला जास्त सराव लागला.

आता त्या बोथट सुरीकडे येते. टोमॅटोच्या सालीवर धारेची सुरी नुसती टेकवून ओढली की आत जाते. बोथट सुरी सालीवरून सटकते, मग आपण जोर लावतो, आणि जोरात असलेली सुरी निसटली की ती कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. धारेची सुरी बोटाला लागली तर खोल जाते, हे खरंच. पण ती चालते तिथेच, जिथे आपण चालवतो. मी लेकराच्या हातात दोन्हींतली वाईट दिली होती, काळजीपोटी.

बोट कापण्याचं दुसरं कारण थोडं मागचं. आमच्या आईची पिढी विळीवर चिरणारी. विळीचं पातं जागेवर असतं, पाट पायाखाली दाबलेला, आणि दोन्ही हात भाजी घेऊन पात्याकडे जातात. सुरीचं बरोबर उलटं, भाजी जागेवर आणि पातं फिरतं. आम्ही विळी बघत वाढलो, सुरीवर आलो, आणि मधलं काही कोणी शिकवलंच नाही. म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी पातेल्यावर हात धरून भेंडी अंगठ्याच्या दिशेने चिरतात. पाव तळहातावर धरून मधोमध कापतात. वडापावच्या संध्याकाळी स्वतःकडे एकदा बघा, सुरी सरळ तळहाताकडे येत असते. मुलं हे बघत असतात. त्यांना तोच पाठ वाटतो.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचंही बोट एकदा कापलं होतं, बेसिनमधल्या फेसाखाली सुरी होती म्हणून. तिथे ती टाकली होती मी. तेव्हा मी त्यांनाच म्हणाले होते, "बघून हात घालायचा ना." आता आठवलं की लाज वाटते. सुरी आता बेसिनमध्ये जात नाही, तिथल्या तिथे धुऊन पुसून ठेवते.

टाके निघाल्यावर मी धार लावायचा दुहेरी दगड आणला, एक बाजू भरड, एक बारीक. रविवारी आम्ही दोघं ओट्याशी उभे राहतो. दगडाखाली ओला फडका, म्हणजे तो सरकत नाही. कोन कसा धरायचा हे त्याला असं सांगितलं: सुरी दगडावर उभी धर, मग निम्मी कलंडव, मग त्याच्याही निम्मी. बोटं पात्याच्या पाठीवर, दगडाच्या कडेला गुंडाळलेली नाहीत. घाई नाही. धार आली का, ते अंगठा फिरवून बघायचं नाही, टोमॅटोला विचारायचं. आणि सुरी हातातून सुटली तर झेलायची नाही, मागे सरायचं. हे सांगायला सोपं, पण हात आपोआप पुढे जातो. म्हणून आम्ही लाकडी उलथनं पाडून पाडून सराव केला. शेजारच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

चिरताना डाव्या हाताची बोटं आत वळवून वाघाचा पंजा करायचा, पातं बोटांच्या सांध्याला टेकून खालीवर जातं, नखांना लागत नाही. हे त्याला लगेच जमलं. मला अजून आठवण करावी लागते. तुमचं लेकरू पाच-सहा वर्षांचं असेल तर केळं आणि उकडलेला बटाटा द्या, लोणी लावायच्या सुरीने. खऱ्या सुरीची वेळ त्याच्या हाताकडे बघून तुम्हालाच कळेल. शेजारचा मुलगा आठव्या वर्षी कापतो, म्हणून आपल्यालाही घाई नको.

परवा पाहुणे होते, उशीर झालेला, वडे तेलात. मी घाईत पाव तळहातावर धरला. मागून आवाज आला, "आई, पाव खाली ठेव."

"अरे, तीस वर्षं कापतेय मी असा," असं अगदी ओठांवर आलं होतं. पाव पाटावर ठेवला.