थंड हवेतले ऊन आणि आपली त्वचा

गेल्या वर्षीच्या उन्हाळी सहलीची गोष्ट. तापमान जेमतेम २१ अंश, तळ्यावरून गार वारा. मुले अकरा वाजल्यापासून क्रिकेट खेळत होती. सकाळी निघताना सौ.ने सनस्क्रीनची ट्यूब पुढे केली, तेव्हा मीच म्हणालो, "अगं, ते गोऱ्या लोकांसाठी. आपण सोलापूरच्या उन्हात वाढलेली माणसे!" संध्याकाळी आठ वर्षांच्या मुलाची मान आणि कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. रात्री त्याला उशीवर डोके टेकवेना. तिसऱ्या दिवशी मानेची साले निघाली. माझा हा शहाणपणा कुठे चुकला हे शोधताना जे वाचले, ते सभासदांपुढे ठेवतो. मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. औषधोपचारासाठी अर्थातच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

उष्णता वेगळी, अतिनील किरण वेगळे

आपल्याकडे ऊन कडक झाले की अंग भाजते आणि माणूस आपोआप सावली गाठतो. म्हणजे उष्णता हीच धोक्याची घंटा. इथे ती घंटा वाजतच नाही. त्वचा जाळतात ते अतिनील किरण, आणि ते किती पोहोचतील हे मुख्यतः सूर्य किती उंचावर आहे यावर ठरते, हवेच्या तापमानावर नाही. २० एप्रिलचा सूर्य २२ ऑगस्टइतकाच उंच असतो. फरक एवढाच की ऑगस्टमध्ये आपण टोपी शोधतो आणि एप्रिलमध्ये जॅकेट. पातळ ढगांतूनही बरेचसे अतिनील किरण खाली येतात. ताजा बर्फ तर त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून स्कीइंगला गेलेल्यांची हनुवटी आणि नाकाखालचा भागही भाजतो.

कॅनडाने जगाला दिलेला आकडा

हवामानाच्या अंदाजात जो 'यूव्ही इंडेक्स' सांगतात, तो मूळचा इथलाच. एन्व्हायर्न्मेंट कॅनडामधील जिम केर, टॉम मॅकेलरॉय आणि डेव्हिड वॉर्डल या शास्त्रज्ञांनी तो तयार केला आणि मे १९९२ मध्ये कॅनडाने त्याचा रोजचा अंदाज देणे सुरू केले. ओझोनचा थर विरळ होत असल्याची तेव्हा मोठी चिंता होती. पुढे जगाने हीच पद्धत स्वीकारली. आकड्यांचा अर्थ असा:

० ते २ : कमी
३ ते ५ : मध्यम
६ ते ७ : जास्त
८ ते १० : फार जास्त
११ व वर : अतितीव्र

आकडा ३ किंवा अधिक असेल तर काळजी घ्यायची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दक्षिण कॅनडात जून-जुलैच्या निरभ्र दुपारी तो ८-९ पर्यंत जातो. आमच्या सहलीच्या दिवशी तो ८ होता. मी फक्त तापमान पाहिले होते.

बारा वाजता दुपार नसते

आणखी एक गंमत. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते. त्यामुळे टोरांटोत सूर्य माथ्यावर येतो तो सुमारे १ वाजून २० मिनिटांनी आणि कॅल्गरीत दीडनंतर. म्हणजे सहलीत आपण पाने मांडतो तीच वेळ सर्वांत तीव्र! सकाळी ११ ते दुपारी ३ हा काळ शक्यतो सावलीत काढावा. आकडा हाताशी नसेल तर आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तिखट आहेत असे समजावे.

सावळ्या त्वचेला काय होते?

आपल्या त्वचेतले रंगद्रव्य थोडे संरक्षण देते हे खरे. त्वचेचा कर्करोग आपल्यात गोऱ्यांपेक्षा बराच कमी आढळतो. पण होतो तेव्हा उशिरा लक्षात येतो, कारण तळपाय, तळहात किंवा नखाखाली कुणी पाहतच नाही. या जागांचा कर्करोग उन्हाने होतो असे नाही, त्यामुळे मलमाने तो टळत नाही; तिथे नजर ठेवणे हाच उपाय. नवा, वाढत जाणारा काळा डाग किंवा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्याला नेहमी भेडसावतात ते मात्र वांग आणि काळे डाग. उन्हाने ते गडद होतात. त्यांना दृश्य प्रकाशही कारणीभूत असतो, म्हणून वांग असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. चेहरा पांढरट दिसण्याची तक्रारही त्याने कमी होते. डोळ्यांनाही जपायला हवे: वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो.

सनस्क्रीनचे गणित

एसपीएफ १५ मधून त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा पंधरावा भाग आत जातो, ३० मधून तिसावा, ५० मधून पन्नासावा. म्हणजे अनुक्रमे सुमारे ९३, ९७ आणि ९८ टक्के अडवले जातात. ३० च्या पुढे फायदा थोडा आहे, पण हे गणित जाड थर धरून केलेले असते. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला सुमारे ३० मिलिलिटर लागते. १०० मिलिलिटरची ट्यूब कुटुंबाला दोन उन्हाळे पुरत असेल, तर आपण ते लावत नाही, नुसते हुंगतो! 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले आणि वेष्टनावर डीआयएन किंवा एनपीएन क्रमांक असलेले घ्या. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांखालील बाळांना मलम नको; सावली आणि अंगभर सुती कपडे द्या.

मग 'ड' जीवनसत्त्वाचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडमंटनच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च उन्हातून त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयारच होत नाही असे दिसले. सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. म्हणून त्यासाठी उन्हात भाजून घेण्यात अर्थ नाही. इथल्या दुधात ते मिसळलेले असते. सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि त्यानंतर ८०० युनिट लागतात. शाकाहारी मंडळींनी आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांनी गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

यंदाच्या सहलीला

१. निघताना तापमानाबरोबर यूव्ही इंडेक्सही पाहा.
२. मुलांचा सामना दहाच्या आत उरका किंवा तीननंतर ठेवा.
३. रुंद काठाची टोपी आणा. बेसबॉल कॅपने कान आणि मान झाकत नाही.
४. कान, मान आणि पावलांवर मलम लावायला विसरू नका.

आमचे चिरंजीव यंदा टोपी घालून फलंदाजीला उतरणार आहेत. त्यांच्या वडिलांनाही तशी सक्त ताकीद मिळालेली आहे.