मोटार वर काढायची वेळ

कृष्णाकाठच्या एका शहराच्या पाणीपुरवठा विभागात माझी सगळी नोकरी झाली. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर तिथेच पाहिले. आता पावसाळा तोंडावर आला की आसपासच्या नगरपालिकांतली तरुण मंडळी फोन करतात, ‘सर, आपत्ती आराखडा केलाय, एकदा नजर टाकाल का?’ टाकतो. बोटी किती, लाइफ जॅकेटं किती, निवाऱ्याच्या शाळा कुठल्या, सगळं असतं. पंपहाउसची मोटार कोणी आणि कधी वर काढायची, एवढं मात्र बहुतेक आराखड्यांत सापडत नाही. शहर नेमकं तिथेच अडतं.

नदीकाठच्या शहराचा पेच असा, की जिचं पाणी प्यायचं तिच्याच पुरात पाणी उपसायची जॅकवेल बुडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. कोल्हापूरची शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि पाण्यानं वेढलेल्या शहरात लोक घागरी घेऊन टँकरमागे धावले. २०२१ ला पुन्हा तेच. बरं, हे फक्त नदीकाठचं दुखणं नाही. त्याच वर्षी जुलैच्या १८ तारखेला मुंबईत भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचं पाणी शिरलं, वीजयंत्रणा बंद पडली आणि मुंबईच्या मोठ्या भागातले नळ कोरडे पडले.

पूर ओसरला की लोकांना वाटतं, आता बटण दाबायचा अवकाश. पण बुडालेल्या मोटारीचं असं बटण दाबलं तर ती जळते. ती खोलायची, गाळ धुवायचा, वाइंडिंग तापवून सुकवायचं, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, बेअरिंगं बदलायची. पॅनेलमधले कॉन्टॅक्टर आणि रिले तर बऱ्याचदा टाकूनच द्यावे लागतात. आणि नेमकी त्याच आठवड्यात रिवाइंडिंगवाल्यांच्या दारात शेतकऱ्यांच्या मोटारींची रांग लागलेली असते.

उलट, पाणी चढण्याआधी चेनपुलीनं मोटार वर घेतली, रिले काढून उंचावर ठेवले, तर ओसरल्यावर काम कितीतरी हलकं होतं. हे खात्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी होत नाही, कारण मोटार काढायची म्हणजे पंप थांबवायचा, आणि पाणी अजून पायरीलाही लागलेलं नसताना शहराचं पाणी तोडल्याचा ठपका कोणालाच नको असतो. नगरसेवकाचा फोन येतो, ‘अहो, एवढी रात्र निघू द्या की.’ वरिष्ठांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: परिस्थितीवर लक्ष ठेवा. लक्ष ठेवता ठेवता रस्ता पाण्याखाली जातो आणि क्रेन चौकातच उभी राहते.

म्हणून हा निर्णय पुरात घ्यायचाच नाही, मे महिन्यात घेऊन टाकायचा. नदी अमुक फुटांवर आली आणि धरणाचा विसर्ग वाढतोय, की शाखा अभियंत्यानं कोणालाही न विचारता पंप थांबवावा, असा लेखी आदेश काढा. त्यावर आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची सही घ्या आणि पंपहाउसच्या भिंतीवर ठळक रेघ मारा. रेघ ठरवताना मोटारीच्या पायापासून मोजू नका, पंपहाउसला जाणारा रस्ता कधी बुडतो तिथून मोजा. आमच्याकडे रस्ता नेहमी आधी गेला, मोटार मागाहून.

आता माणसं. नकाशे, जीआयएस काहीही असो, शहरातलं पाणी खेळवतात ते चावीवाले. एका पुरानंतर बाजारपेठेतला मुख्य व्हॉल्व्ह उघडायचा होता. रस्ताभर ढोपरभर गाळ, नकाशात व्हॉल्व्ह आहे पण झाकण सापडेना. जेसीबी लावला असता तर लाइनच फुटायची. आमचे एक चावीवाले मामा एका बंद दुकानाच्या फळीला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. ‘मामा, नकाशात तर पलीकडं दाखवलंय,’ मी म्हटलं. ‘साहेब, नकाशा काढला तवा रस्ता बारका हुता. गटार इकडं सरकलंय.’ कुदळ बरोबर झाकणावर वाजली. किती आटे फिरवले की व्हॉल्व्ह पुरता उघडतो, कुठला आटा अडतो, मग जोर न लावता थोडं मागं फिरवायचं, हेही त्यांच्याच डोक्यात. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. जागी कंत्राटी पोरगा आला, त्याला शिकवायला कोणी नाही.

मामांसारख्या चावीवाल्यांना एक दिवस रिक्षात बसवून शहरभर फिरवा. प्रत्येक व्हॉल्व्हची खूण, आटे, त्याच्यामागे कुठल्या गल्ल्या येतात, ते वहीत उतरवा. खूण पक्क्या बांधकामापासून घ्या, पानपट्टी उद्या हलते. वहीच्या दोन प्रती काढा आणि एक तरी वरच्या मजल्यावर ठेवा. नळजोडांची कागदपत्रं, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं तळमजल्यावर भिजून लगदा झालेली पाहिली आहेत. पुरानंतर दाखले काढायला लोक तिथेच येतात.

व्हॉल्व्ह शोधला त्या दिवशी मामांचं स्वतःचं घर पाण्यात होतं, बायको आणि सून शाळेच्या वर्गात. सफाई कामगार आणि चावीवाले यांच्यातले अनेकजण ओढ्याकाठच्या सखल वस्त्यांत राहतात, म्हणजे पूर आधी त्यांच्याच दारात. ड्यूटी लावायच्या आदल्या दिवशी त्यांची कुटुंबं हलवा, एका ठिकाणी ठेवा, जेवणाची सोय करा. नाहीतर माणूस हजेरी लावतो पण लक्ष घरी असतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. कंत्राटी कामगारांची मजुरी थकली असेल तर तीही जूनच्या आत चुकती करा.

डिझेलचं थोडक्यात. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापुरात इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं. तेव्हा साठा आधीच करायचा. जनरेटर उंच ओट्यावर पण डिझेलची टाकी खड्ड्यात, असली वास्तुरचना मी डोळ्यांनी पाहिली आहे. महिन्यातून पाच मिनिटं रिकामा फिरवलेला जनरेटर खऱ्या भाराला उभा राहीलच असंही समजू नका. उपसा केंद्राचा भार टाकून बघा. ब्लीचिंग पावडर जुनी, उघडी राहिलेली असेल तर तिच्यातला क्लोरिन उडालेला असतो, तेव्हा टँकरच्या पाण्यातला क्लोरिन तपासणारी ओटी चाचणी भरतानाच नव्हे, गल्लीत पोचल्यावरही घ्या.

पाणी उतरलं की बाहेरच्या महापालिकांची पथकं येतात. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आली, त्यांनी मनापासून राबून गाळ उपसला. पण पाहुण्यांना गल्ली माहीत नसते. प्रत्येक पथकामागे आपला एक मुकादम द्या, आणि कचरा तात्पुरता टाकायची जागा आधी ठरवून ठेवा. पाणी प्यालेली एक कापसाची गादी उचलायला चार माणसं लागतात, आणि अशा गाद्या घरटी निघतात.

शेवटी खरेदी. महापालिकेत असाल तर तातडीला निविदेविना काम देण्याची तरतूद कानावर असेलच.  तरतूद चांगली आहे, पण भीतीपोटी काहीजण ती वापरतच नाहीत आणि काहीजण पूर ओसरून गेल्यावरही वापरत राहतात. दोघांनाही लेखापरीक्षणाचा आक्षेप पुढे केव्हातरी गाठतो, तेव्हा कोण कुठे बदलून गेलेलं असतं. त्याच रात्री दोन ओळींची टिप्पणी लिहा: काय मागवलं, का, कोणाच्या तोंडी आदेशानं, किती वाजता. टँकरच्या प्रत्येक खेपेला त्या गल्लीतल्या एका रहिवाशाची सही वहीत घ्या. बिल सुटायला ती उपयोगी पडते, आणि कुठल्या गल्लीत टँकर गेलाच नाही तेही त्याच वहीत सकाळी दिसतं.