नकाराची किंमत

प्रश्न : ऑफिसातल्या एका सहकारी मुलीला दोनदा कॉफीला विचारलं, तेव्हापासून ती मला टाळते. मला कुणी असं विचारलं असतं तर आनंदच झाला असता. माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही तिच्या जागी स्वतःला ठेवलंत, पण तिची परिस्थिती लक्षात घेतली नाहीत. क्लार्क आणि हॅटफिल्ड यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात अनोळखी व्यक्तीबरोबर फिरायला जायला साधारण निम्म्या स्त्रिया आणि निम्मे पुरुष तयार झाले. शय्यासोबतीला मात्र बहुतेक पुरुषांनी होकार दिला, एकाही स्त्रीने नाही. माझ्या मते यामागे धोक्याचा मोठा वाटा आहे. नकार दिल्यावर समोरचा पाठलाग करेल का, बदनामी करेल का, याचा विचार पुरुषाला क्वचितच करावा लागतो. म्हणून तोंडाने नाही म्हणण्याऐवजी ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसते. पुरुषांनाही नकोशा लगटीचा त्रास होतो, आणि पाठलागाविरुद्धचं भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ फक्त स्त्रीला संरक्षण देतं, ही उणीवच आहे. पण त्यामुळे तिची भीती खोटी ठरत नाही. मग विचारायचंच नाही का? जरूर विचारावं, पण एकदाच, आणि सहज नाही म्हणता येईल अशा रीतीने. तिचं टाळणं हेच उत्तर समजा आणि तिसऱ्यांदा विचारू नका.