औषधाचा ओढा : पाण्याकडे की मेदाकडे?

विषाणू पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो. म्हणून विषाणुरोधी औषधाला रोगाच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी आतड्याची आणि पेशींची मेदयुक्त पटले ओलांडावी लागतात. रक्त मात्र जलमय असते. तेव्हा औषध पाण्यात किती रमते व मेदात किती, हे आधी मोजणे अगत्याचे ठरते.

मापनाची रीत

या कामी मेदाचा प्रतिनिधी म्हणून ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव वापरतात. ऑक्टॅनॉल व पाणी प्रथम परस्परांनी संपृक्त करतात. मग त्यांत औषधाची अल्प, मोजलेली मात्रा घालून मिश्रण स्थिर तापमानात समतोल साधेपर्यंत हलवितात. थर वेगळे झाल्यावर प्रत्येकातील औषधाची संहती मोजतात. ऑक्टॅनॉलमधील संहतीला पाण्यातील संहतीने भागले की विभाजन गुणांक मिळतो. त्याचा १० या पायावरील लॉगरिथम म्हणजे ‘लॉग पी’. लॉग पी २ असेल, तर औषध पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये १०० पट अधिक असते. उणे असेल, तर ओढा पाण्याकडे असतो.

औषधाच्या रेणूवर विद्युतभार येत असेल, तर पाण्याचा सामू, बहुधा रक्ताप्रमाणे ७.४, ठरवून मोजणी करतात. त्या मापाला ‘लॉग डी’ म्हणतात. अतिशय मेदप्रिय पदार्थांच्या बाबतीत ऑक्टॅनॉलचा एखादा सूक्ष्म थेंब पाण्यात राहिला तरी उत्तर चुकते. अशा वेळी वर्णलेखन स्तंभात पदार्थ किती काळ अडकून राहतो, हे ज्ञात पदार्थांशी ताडून पाहतात.

आकड्यांचा अर्थ

नागिणीवरील अॅसिक्लोव्हिरचा लॉग पी सुमारे उणे १.५६ आहे, म्हणजे ते ऑक्टॅनॉलपेक्षा पाण्यात सुमारे ३६ पट अधिक राहते. साहजिकच गोळीतील औषधाचा लहानसा हिस्साच रक्तात पोहोचतो. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिरच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. त्याचे क्रियाशील आम्लरूप आतड्यातून फारसे शोषले जात नाही. म्हणून त्याला एथिल गट जोडून मेदप्रियता वाढविली. शरीरात यकृत तो गट तोडते आणि मात्रेचा सुमारे ७५ टक्के भाग क्रियाशील रूपात रक्तात येतो. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा रुग्णांना हेच औषध तोंडावाटे देता आले.

मेदप्रियता अतोनात वाढली, तर औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून लॉग पी शक्यतो ५ च्या आत असावा, असा १९९७ मध्ये लिपिन्स्की यांनी मांडलेला संकेत आहे. औषधाची उपयुक्तता या एका आकड्यावर ठरत नाही. परंतु कोणता रेणू गोळीच्या रूपाने रुग्णाला देता येईल, याचा पहिला अंदाज तो देतो.